सुरईची मान

गेल्या वर्षीच्या जुलै महिन्यातली गोष्ट. आठवीच्या वर्गात माझा मराठीचा तास चालू होता आणि दुसऱ्या बाकावरची एक मुलगी डोके धरून बसली होती. पावसात भिजून आली असेल, सर्दीने डोके दुखत असेल, असे समजून मी पर्समधली एक गोळी तिला दिली. आयब्युप्रोफेनची साधी गोळी. आपल्या घराघरात असते तीच. तिने पाण्याबरोबर घेतली, अर्ध्या तासाने तिला बरे वाटले, आणि मीही विसरून गेले.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत तिची अम्मी शाळेत आली. रागावलेली नव्हती, घाबरलेली होती. स्टाफरूमच्या बाहेर बोलावून हळू आवाजात म्हणाली, "आपा, तिला कुठलीच गोळी देत जाऊ नका. तिच्या दिलच्या नसा फुगलेल्या आहेत. लहानपणापासून ॲस्पिरिन चालू आहे. पण हे कुणाला सांगू नका, मुलीची जात आहे."

मी वीस वर्षांपासून शिकवते आहे. हजेरीपटावरच्या त्या मुलीच्या नावापुढे दोन वर्षांत आजाराची एकही नोंद नव्हती. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक शाळेत तपासणीला येते, त्या दिवशी ती नेमकी गैरहजर असायची. खेळाच्या तासाला 'अशक्तपणा आहे' अशी चिठ्ठी यायची. आणि मी तिला जी गोळी दिली, ती ॲस्पिरिनच्या कामात अडथळा आणते हे मला त्या दिवशी कळले. रक्तात गुठळी होऊ नये म्हणून ॲस्पिरिन रक्तातल्या बारीक चकत्यांना एकमेकींना चिकटू देत नाही. आयब्युप्रोफेन आधी पोटात गेली, की ती ॲस्पिरिनची जागा अडवून बसते. एका गोळीने काही बिघडले नाही, अल्हम्दुलिल्लाह. पण त्या रात्री मला झोप लागली नाही.

नसा फुगलेल्या, म्हणजे रुंद झालेल्या. मग त्यात वाईट काय? नस अरुंद झाली, तुंबली, की हृदयविकाराचा झटका येतो, हे आपण ऐकलेले असते. रुंद नस म्हणजे रक्ताला मोकळी वाट, असेच मला वाटत होते. त्या मुलीच्या अब्बांनाही दहा वर्षे तसेच वाटत होते. पुढे सहा महिने या कुटुंबाबरोबर मी तीन वेळा मोठ्या शहरातल्या हॉस्पिटलात गेले, कारण तिच्या अम्मीला डॉक्टरांचे मराठी-इंग्रजी नीट समजत नव्हते आणि तिचे उर्दू डॉक्टरांना. मी मधे बसून दोन्हीकडचे सांगत होते. तेव्हा जे समजले, ते तिच्या घरच्यांच्या परवानगीने इथे लिहिते आहे. नाव आणि गाव मात्र लिहीत नाही.

मुलगी तीन वर्षांची असताना तिला ताप आला होता. पाच दिवस झाले तरी उतरेना. डोळे लाल झाले, पण त्यातून चिपडे येत नव्हती. ओठ फाटले, जीभ लालभडक आणि दाणेदार झाली, अंगावर पुरळ उठले, मानेत एका बाजूला गाठ आली, हातापायांचे तळवे सुजले. कुणी गोवर म्हणाले, कुणी टायफॉइड. दोन वेळा अँटिबायोटिक बदलले. दादीने नजर उतरवली. अकराव्या-बाराव्या दिवशी ताप आपोआप उतरला आणि घरात शुक्र अदा झाला. त्यानंतर बोटांच्या टोकांची साल निघू लागली. ती साल बघून जिल्ह्याच्या गावच्या एका बालरोगतज्ज्ञाने लगेच हृदयाची सोनोग्राफी, म्हणजे इको करायला सांगितला. डाव्या बाजूच्या मुख्य शाखेवर नऊ मिलिमीटरचा फुगवटा निघाला. उजवीकडे त्याहून लहान दोन. त्या वयाच्या मुलाची ही धमनी निरोगी असेल तर जेमतेम दोन मिलिमीटरची असते.

या आजाराला कावासाकी आजार म्हणतात. नाव जपानी आहे, कारण तो ओळखला तो डॉ. तोमिसाकु कावासाकी यांनी. जानेवारी १९६१ मध्ये टोकियोतल्या रेडक्रॉस हॉस्पिटलात त्यांच्यापुढे चार वर्षांचा एक मुलगा आला. ताप, लाल डोळे, पुरळ, सुजलेले हात. कोणत्याच पुस्तकातल्या आजारात तो बसेना. मुलगा बरा होऊन घरी गेला, पण डॉक्टरांच्या डोक्यातून तो गेला नाही. पुढच्या वर्षी तसाच दुसरा मुलगा आला. त्यांनी टिपणे ठेवायला सुरुवात केली आणि १९६७ मध्ये अशा ५० मुलांची हकीकत जपानी नियतकालिकात छापली. सुरुवातीला समज असा होता, की आजार त्रासदायक आहे पण आपोआप बरा होतो. मग बरी होऊन घरी गेलेली काही मुले अचानक दगावली, आणि शवविच्छेदनात हृदयाच्या धमन्या फुगलेल्या व गुठळीने बंद झालेल्या दिसल्या. कुरुमे विद्यापीठातल्या डॉ. कातो यांनी १९७५ मध्ये बऱ्या झालेल्या मुलांची अँजिओग्राफी करून हे फुगवटे जिवंतपणी दाखवून दिले. डॉ. कावासाकी ९५ वर्षे जगले, २०२० मध्ये वारले. आजाराचे नेमके कारण मात्र त्यांच्या हयातीत सापडले नाही आणि अजूनही सापडलेले नाही. एकापासून दुसऱ्याला तो लागत नाही, एवढे नक्की.

हा आजार जपानपुरता नाही. आपल्याकडे चंडीगडच्या पीजीआय संस्थेत अशा मुलांवर अनेक वर्षे उपचार होत आहेत आणि त्यांच्या नोंदी ठेवल्या जात आहेत. बहुतेक मुले पाच वर्षांच्या आतली असतात, मुलींपेक्षा मुलगे थोडे जास्त.

उपचार आहे, आणि चांगला आहे. रक्तदात्यांच्या रक्तद्रवातून काढलेले इम्युनोग्लोब्युलिन शिरेतून देतात, वजनाच्या दर किलोला दोन ग्रॅम, एकाच वेळी दहा-बारा तासांत. १९८४ मध्ये जपानमधून आणि १९८६ मध्ये अमेरिकेतून त्याचे निकाल छापून आले आणि चित्रच पालटले. उपचार नसेल तर चारांपैकी साधारण एका मुलाच्या हृदयाच्या धमन्यांवर परिणाम होतो. ताप आल्यापासून दहा दिवसांच्या आत हे औषध मिळाले, तर शंभरात चार-पाच मुलांच्या. औषध महाग आहे, मूल जितके वजनदार तितके जास्त लागते. आणि ते दिल्यावर गोवर, कांजिण्यांसारख्या जिवंत लसी साधारण अकरा महिने पुढे ढकलाव्या लागतात, हे लसीकरणाच्या कार्डावर डॉक्टरांकडून लिहून घ्यावे.

या मुलीची दहा दिवसांची मुदत टायफॉइडच्या गोळ्यांत निघून गेली होती. मी तिच्या अम्मीला दोष देत नाही, कुणालाच देत नाही. गोवर, स्कार्लेट फिव्हर, औषधाची ॲलर्जी, सगळ्यांत थोडेफार असेच दिसते. शिवाय सगळी लक्षणे एकाच दिवशी दिसत नाहीत. आज पुरळ, परवा डोळे, असे चालते. म्हणून माझ्या ओळखीच्या प्रत्येक आईला मी आता एवढेच सांगते, की लहान मुलाचा ताप पाच दिवस राहिला तर रोज काय दिसले ते तारीख घालून वहीत लिहा, मोबाइलवर फोटो काढा आणि डॉक्टरांना दाखवा. आणि "कावासाकी असेल का?" हे विचारायला लाजू नका. डॉक्टर नाही म्हणाले तर बरेच आहे.

आता सुरईकडे येते.

अँजिओग्राफी झाल्यावर हृदयाच्या डॉक्टरांनी एका रिपोर्टच्या पाठीमागे पेनने धमनी काढली. वरून बारीक नळी, मधे गोल पोट, खाली पुन्हा नळी. तिच्या अम्मीने बघितले आणि म्हणाली, "ही तर सुरई." डॉक्टरांना शब्द कळला नाही, मी सांगितला. ते हसले, म्हणाले, "बरोबर. पोट आहे तिथं एक धोका, मान आहे तिथं दुसरा."

पोटाचा धोका असा. वेगाने चाललेले रक्त रुंद जागेत आले की मंदावते, भोवरे घेत फिरते, कडेला थांबते. थांबलेले रक्त गोठते. मुलीचे अब्बा विहिरींचे पंप आणि पाइपलाइन बसवण्याचे काम करतात. तोवर ते गप्प होते, एकदम म्हणाले, "म्हणजे मोठ्या पाइपात गाळ बसतो तसं. पाणी हळू झालं की गाळ बसणारच." डॉक्टरांपेक्षा त्यांनीच मला हे जास्त नीट समजावले. म्हणूनच मोठा फुगवटा असलेल्या मुलांना, म्हणजे आठ मिलिमीटर आणि त्यापुढच्या, ॲस्पिरिनच्या जोडीला वॉरफरिनसारखे रक्त पातळ ठेवणारे औषध देतात.

मानेचा धोका उशिरा कळतो. आजारात धमनीची भिंत सुजते, आतून खराब होते. पुढे ती भरून येताना आतला थर जाड होत जातो, जशी जखमेवर जाड वण येतो तशी. लहान फुगवट्यांत हा थर उपकारच करतो: निम्म्याहून अधिक फुगवटे वर्ष-दोन वर्षांत आतून भरून नेहमीच्या मापाचे होतात. या मुलीच्या उजव्या बाजूचे दोन्ही असेच गेले. मोठा फुगवटा मात्र सहसा राहतो, आणि जिथे तो सुरू होतो किंवा संपतो तिथे भिंत जाड होत होत वाट अरुंद होते. त्यात पुढे चुना साचतो. हे सगळे पाच, दहा, पंधरा वर्षांत गुपचूप घडते. मूल धावते, खेळते, शाळेत जाते आणि घरच्यांना वाटते, की बरे झाले.

इथे घरच्यांच्या हातून एक चूक झाली होती. लॉकडाऊनमध्ये तपासणी चुकली, ती नंतर तीन-चार वर्षे चुकतच राहिली. वॉरफरिनसाठी दर महिन्याला रक्ताची आयएनआर तपासणी करावी लागते. ते जमेना, म्हणून गोळी घरीच बंद केली. ॲस्पिरिन तेवढी चालू ठेवली. दिवाळीनंतर मुलगी दुसऱ्या मजल्यावरच्या वर्गात जाताना जिन्यात थांबू लागली. छातीवर कुणी हात ठेवल्यासारखे वाटते, असे तिने मला सांगितले, घरी नाही. मी तिच्या अम्मीला फोन केला.

अँजिओग्राफीत नऊ मिलिमीटरचे पोट आणि त्याच्या खालच्या टोकाला जेमतेम एक मिलिमीटरची मान दिसली. न्यूक्लिअर स्कॅनमध्ये श्रम केल्यावर हृदयाच्या पुढच्या भिंतीला रक्त कमी पडत असल्याचे दिसले. दुसरी तपासणी का, असे तिच्या चाचांनी जरा चिडून विचारले होते. खर्च वाढत होता. डॉक्टरांचे उत्तर मला महत्त्वाचे वाटले: नुसती मान अरुंद दिसते म्हणून हात घालायचा नसतो, हृदयाला खरोखर रक्त कमी पडते का ते आधी पाहायचे. कारण जुन्या वाटेने पुरेसे रक्त जात असेल आणि आपण नवी वाट जोडली, तर नव्या वाटेला वापरच राहत नाही आणि ती आपोआप आकसून बंद होते.

आता काय करायचे, यावर घरात दोन तट पडले. दादी आणि चाचांचे म्हणणे स्टेंट टाका. मनगटातून तार जाते, दोन दिवसांत मूल घरी, अंगावर खूण नाही. दुसऱ्या एका हॉस्पिटलात रिपोर्ट दाखवले, तिथे "दोन स्टेंट टाकून मोकळं करू" असे पाच मिनिटांत सांगितले गेले. इथले डॉक्टर मात्र बायपास म्हणत होते. तेरा वर्षांच्या मुलीच्या छातीच्या मधोमध वितीएवढी चीर. दादी रडू लागल्या. "उद्या हिला कोण करून घेणार?"

स्टेंट का नाही, हे मी डॉक्टरांना तीनदा विचारले आणि तीनदा उर्दूत सांगितले. आपल्या ओळखीत ज्यांना स्टेंट बसले, त्यांची नस तीन मिलिमीटरची असते आणि मधे चरबीच्या थराने दबलेली. स्टेंटची जाळी फुग्याने फुगवली की तो थर भिंतीत दबतो, जाळी दोन्ही टोकांना निरोगी भिंतीला घट्ट टेकते. सुरईत जाळी कुठे टेकणार? मानेत घट्ट बसेल, पण पोटाच्या बाजूचे टोक नऊ मिलिमीटरच्या पोकळीत अधांतरी लोंबेल. हृदयाच्या धमनीसाठी मिळणारे स्टेंट साधारण दोन ते पाच मिलिमीटरच्या दरम्यानचे असतात. भिंतीला न टेकलेल्या तारांभोवती रक्त गोठते, आणि पोटात ते आधीच गोठायला टपलेले. तिचे अब्बा इथेही आधी समजले: "अर्ध्या इंची तुकडा दोन इंची पाइपात. बसणारच नाही."

फुग्याने नुसते रुंद करता येते, पण वेळ पाहावी लागते. आजारानंतरच्या पहिल्या काही वर्षांत भिंत मऊ असते तेव्हा ते साधते. पुढे ती चुन्यासारखी कडक झाली, की फुग्याला फार दाब द्यावा लागतो, आणि दुबळ्या भिंतीवर जास्त दाब दिला की तिथेच नवा फुगवटा तयार होतो. जपानी डॉक्टरांनी हे अनुभवातून शिकून घेतले. अशा कडक मानेसाठी ते एक वेगळे साधन वापरतात. हिऱ्याचे बारीक कण लावलेले एक छोटे टोक मिनिटाला दीड लाखाच्या आसपास फेरे घेत आतला चुना खरवडते. लहान मुलाच्या हाताच्या नसेतून तेवढ्या जाडीची नळी घालणे कठीण, म्हणून ते मोठ्या मुलांत आणि तरुणांतच होते, तेही हातखंडा असलेल्या माणसाकडून. कापडासारखा थर लावलेला स्टेंट घालून फुगवटाच बंद करण्याची पद्धतही आहे. पण त्या जागेतून एखादी फांदी निघत असेल तर ती बंद होते. या मुलीच्या पोटातून दोन फांद्या निघत होत्या. शिवाय धातूची जाळी वाढत्या मुलाबरोबर वाढत नाही. एवढे ऐकल्यावर चाचा गप्प झाले.

बायपासचे पहिले प्रयत्न याच आजारासाठी जपानमध्येच झाले. डॉ. सोइचिरो कितामुरा यांनी १९७६ मध्ये एका मुलाच्या बायपासची माहिती छापली. त्यात पायाची शीर वापरली होती. पायाची शीर मुलांत फार टिकत नाही, हे पुढे लक्षात आले. मग त्यांनी छातीच्या हाडाच्या मागून खाली जाणारी धमनी वापरली. तिचे वरचे टोक जागेवरच ठेवतात आणि खालचे टोक सोडवून मानेच्या पलीकडे हृदयाच्या धमनीला जोडतात. ती जिवंत धमनी असल्यामुळे मुलाबरोबर लांबी-रुंदीने वाढते. त्यांनी अशा ११४ मुलांचा पाव शतकाचा हिशेब मांडला. २५ वर्षांनी शंभरातली ९५ हयात होती. वीस वर्षांनी छातीच्या धमनीच्या शंभरातल्या ८७ वाटा चालू होत्या, पायाच्या शिरांच्या फक्त ४४.

हे आकडे मी कागदावर उर्दूत लिहून दादींना वाचून दाखवले. त्या बराच वेळ बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "पंचवीस साल बाद मैं तो नहीं रहूँगी. ये रहे." आणि चिरेवर पुन्हा बोलल्या नाहीत.

एक प्रश्न त्यांच्या मनात तरी राहिला होता, आणि तो विचारायला त्यांना संकोच वाटत होता. ऑपरेशनच्या वेळी रक्त पातळ करायला हिपॅरिन देतात, ते डुकराच्या आतड्यांपासून बनते, असे त्यांनी कुठेतरी ऐकले होते. मी विचारले. डॉक्टरांनी लपवले नाही. म्हणाले, होय, नेहमीचे हिपॅरिन तसेच बनते, आणि हृदय-फुप्फुसाच्या यंत्रावर त्याला पर्याय जवळपास नाही. आम्ही आमच्या मशिदीच्या इमामसाहेबांकडे गेलो. त्यांनी एका वाक्यात निकाल दिला, की जीव वाचवण्यासाठी दुसरा मार्ग नसताना मनाई उठते, यावर उलेमांमध्ये वाद नाही. मग आम्हालाच दटावले, "हे विचारायला महिना का घालवला?"

एक आडवाट. आमच्या वर्गात मी मुलांना इब्न अल-नफीस यांच्याबद्दल सांगते. ते दमिश्कचे, आयुष्य काहिरात गेले, १२८८ मध्ये इंतकाल झाला. रक्त हृदयाच्या उजव्या कप्प्यातून फुप्फुसात जाऊन डाव्या कप्प्यात येते, हे त्यांनी युरोपच्या तीनशे वर्षे आधी लिहिले होते. तेही इब्न सीनांच्या ग्रंथावर टीका लिहिताना, म्हणजे आपल्याच मोठ्या उस्तादाची चूक दाखवत. त्याच ग्रंथात त्यांनी हेही म्हटले आहे, की हृदयाचे पोषण त्याच्या पोकळीतल्या रक्तातून होत नाही, त्याच्या मांसात पसरलेल्या नसांतून होते. ते हस्तलिखित १९२४ मध्ये बर्लिनच्या ग्रंथालयात एका इजिप्शियन डॉक्टरच्या हाती लागले, तोवर धूळ खात होते. मुलगी हे ऐकून म्हणाली, "आपा, म्हणजे माझ्याच नसांबद्दल." होय, त्याच.

रमजान मध्येच आला. ती आठ वर्षांची असल्यापासून रोजे धरत होती, आणि या वर्षी सोडायला तयार नव्हती. वर्गातल्या मुलींना काय सांगणार? डॉक्टरांनी सांगितले, की मोठा फुगवटा असताना दिवसभर पाण्याशिवाय राहून रक्त घट्ट होणे तिला परवडणारे नाही, आणि औषधांच्या वेळाही पाळायच्या आहेत. इमामसाहेबांनी तिला स्वतः बोलावून समजावले, की आजाऱ्याला सूट अल्लाहनेच दिली आहे, ती नाकारणे म्हणजे जास्त दीनदारी नव्हे. तिने मान हलवली. शाळेत डबा मात्र माझ्या खोलीत बसून खायची.

मे महिन्याच्या सुट्टीत ऑपरेशन झाले. सात तास. पैशाचे थोडे सांगते, कारण वाचणाऱ्यांपैकी कुणाला गरज पडेल. बायपास महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत आहे. मुलाच्या बाबतीत आणि त्या हॉस्पिटलात ती लागू होते का, हे दाखल होण्याआधी तिथल्या आरोग्यमित्राला विचारावे, रेशनकार्ड आणि आधार बरोबर ठेवावे. दाखल झाल्यावर धावपळ करण्यात अर्थ नसतो.

फुगवटा तसाच आहे, नवी वाट त्याच्या पलीकडे गेली आहे. त्यामुळे ॲस्पिरिन चालू आहे आणि वॉरफरिन पुन्हा सुरू झाले आहे, आयएनआर दोन ते तीनच्या मधे ठेवायचा. मेथी-पालक बंद करायची नाही, पण एक आठवडा रोज आणि दुसरा आठवडा अजिबात नाही, असेही करायचे नाही. रोजचे प्रमाण सारखे असावे. हिजामा नाही. हे मी मुद्दाम लिहिते, कारण पाहुण्यांपैकी एकाने "सुन्नत आहे, फायदाच होईल" म्हणून आग्रह केला होता. रक्त पातळ करणारे औषध चालू असताना कातडीला चिरे देणे म्हणजे न थांबणारा रक्तस्राव. ताप आला तर पॅरासिटामॉल, आयब्युप्रोफेन नाही. कांजिण्या किंवा फ्लू झाला तर ॲस्पिरिन चालू ठेवायची का, हे त्याच दिवशी डॉक्टरांना विचारायचे, कारण त्या दोन आजारांत ॲस्पिरिनने मुलांच्या मेंदूला आणि यकृताला धोका होऊ शकतो. पाळीच्या वेळी रक्त जास्त जाऊ शकते, ते सांगायला लाजायचे नाही. आणि वॉरफरिन पोटातल्या बाळाला घातक असते, म्हणून लग्नाचे ठरेल तेव्हा डॉक्टरांना आणि समोरच्या घरालाही आधी सांगायचे. हे शेवटचे ऐकून तिच्या अम्मीचा चेहरा उतरला. डॉक्टर म्हणाले, जपानमध्ये हा आजार झालेल्या मुली मोठ्या होऊन, नीट देखरेखीखाली आया झाल्या आहेत.

आता मोठ्यांबद्दल थोडे, कारण या लेखाचे नाव सांगताच एका शिक्षक-मित्राने आपल्या अब्बांचा रिपोर्ट पुढे केला. मोठ्या वयात शेजारच्या निरोगी भागाच्या दीडपट रुंद झालेल्या धमनीला एक्टेशिया म्हणतात. लहानपणच्या कावासाकीमुळे ती क्वचितच होते. बहुतेकांत तेच नेहमीचे कारण असते, चरबीचे थर, आणि ते वाढवायला तंबाखू व रक्तदाब. तिथेही पोट आणि मान असते आणि झटका आला तर गुठळी मोठी असते. डॉक्टर कधी आधी गुठळी ओढून घेतात, काही दिवस रक्त पातळ करणारी औषधे देतात आणि मग पुन्हा पाहून स्टेंटचे ठरवतात. नसेच्या आत सोनोग्राफीची बारीक नळी घालून माप घेतात. त्यामुळे "आज स्टेंट टाकला नाही" याचा अर्थ डॉक्टरांनी सोडून दिले, असा घेऊ नये. मापाविना घाईने टाकलेला स्टेंट जास्त महागात पडतो.

जूनमध्ये शाळा उघडली. मुलगी पंधरा दिवस उशिरा आली. दुसऱ्या मजल्यावरचा नववीचा वर्ग आम्ही तळमजल्यावर आणला. तिच्या कंपासपेटीत आता एक जाड कार्ड आहे, एका बाजूला मराठी, दुसऱ्या बाजूला उर्दू: आजाराचे नाव, औषधांची नावे, कोणती गोळी द्यायची नाही, छातीत दुखले तर कुणाला फोन करायचा. उर्दू तिने स्वतः लिहिले आहे, मराठी मी. तिच्या अम्मीने तेच एक कार्ड मुख्याध्यापकांच्या टेबलावर नेऊन दिले आणि हजेरीपटात नोंद करायला सांगितली. खेळाच्या सरांनी तिला कॅरमच्या संघात घेतले आहे. पुढची तपासणी डिसेंबरमध्ये आहे. त्या दिवशी मला रजा लागेल, ती मी आत्ताच लिहून ठेवली आहे.